मागचं सील

सांगली,
१२ फेब्रुवारी १९९५

प्रिय धवल,

हे फोनवर बोलता आलं नसतं. फोन पुढच्या खोलीत आणि आण्णांची आरामखुर्ची त्याला चिकटून. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, कान अजून तिखट आहेत. तेव्हा पत्र पुरतं वाच, अर्धं वाचून फोन फिरवू नकोस.

तू शिरवळचं गिऱ्हाईक रविवारी पाठवतोयस. त्याआधी साताऱ्याच्या वकिलांचं काय झालं ते नीट ऐक. आपली लाल टू-सीटर बघून माणूस हरखला होता. आण्णांनी बॉनेटवरून हात फिरवत ती विलायतेहून कशी आली ते साग्रसंगीत सांगितलं. मग गाडी चालू केली आणि थोड्याच वेळात खाली तेलाचं थारोळं, वर जळक्या तेलाचा धूर. गुंडा मिस्त्री हजर होताच. वाकून बघितल्यासारखं करून म्हणाला, "मागचं सील गेलंय सायेब. इंजिन उतरवल्याबिगर न्हाई भागायचं." खर्च पंधरा हजाराच्या घरात, आणि ते तेल अडवणारं सील मुंबईत मिळालं तर मिळालं. वकीलसाहेब चहालाही थांबले नाहीत. कोल्हापूरचे डॉक्टरही असेच गेले होते.

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आण्णा रोज सकाळी गाडी चालू करतात तेव्हा फरशी कोरडी ठणठणीत, आणि गिऱ्हाईक दारात आलं की गळती? म्हटलं, हे गुंड्याचंच काम. गिऱ्हाइकं पळवायची आणि शेवटी भंगाराच्या भावात गाडी स्वतःच उचलायची. आण्णांशी त्याची कुजबुज चालायची आणि मी गेले की दोघंही एकदम हवापाण्यावर यायचे. मेल्याला चहा देताना साखर घालायचीही माझ्या जिवावर आली होती.

परवा मिरजेचे एक कारखानदार बघायला येणार होते. आदल्या संध्याकाळी मी पदर खोचला. आण्णांनीच शिकवलंय ना आपल्याला, तेल टिपकतं तिथं गळत नसतं, वर बघायचं. इंजिन पुसून कोरडं करायचं, पावडर भुरभुरायची आणि ओल कुठून उतरते ते शोधायचं. त्यापायी आईचे किती डबे संपले आणि ती किती चिडायची, आठवतं? मी रॉकेलनं सगळं पुसलं, नट पान्यानं आवळून बघितले, माझी लॅव्हेंडरची पावडर मारली आणि गॅरेजला कुलूप घालून किल्ली नेहमीच्या खिळ्याला अडकवली. आता गुंड्या सापडतोच, म्हटलं.

सकाळी गुंडा अजून यायचाच होता. आण्णा चहाला आले, कप हातात घेतला, तर बोटं पांढरी. सदऱ्याच्या बाहीला पावडर. अंगाला लॅव्हेंडरचा घमघमाट. धुरकट नजरेला इंजिनावरची पावडर दिसली नव्हती.

मी गॅरेजमध्ये जाऊन पाहिलं. इंजिनाच्या वरच्या झाकणाचे दोन्ही नट सैल केलेले. तिथून तेल मागच्या अंगानं उतरतं आणि सील गेल्यासारखंच खाली टिपकतं. गुंडा आल्यावर त्याला धारेवर धरलं, तर मान खाली घालून म्हणाला, मालकांनीच तसं बोलायला सांगितलंय. त्यासाठी त्यानं छदामही घेतलेला नाही. त्या दिवशी मी त्याच्या चहात साखर जास्तच घातली.

कारण तुला सांगायला नको. जूनमध्ये माझी बदली जतला होणार, मागे आण्णा एकटे कसे राहणार, म्हणून आईच्या वर्षश्राद्धाला तू हट्ट धरलास. पानावरून उठताना त्यांनी तुला शब्द दिला, "गाडी विकली की पुण्याला येतो." मीही तुझीच री ओढली होती. त्या दिवशी दिलेला शब्द आण्णा जन्मात मोडायचे नाहीत. नाही म्हणता येईना, म्हणून बहात्तराव्या वर्षी पाना घेऊन बॉनेटखाली वाकतायत. मला फार रडू आलं रे.

मिरजकर येईपर्यंत नट पुन्हा आवळायला मला वेळ होता. मी आवळले नाहीत. ते गेल्यावर आण्णांनी हळूच विचारलं, "शरयू, गळतंय का गं अजून?" मी म्हटलं, "हो आण्णा. मागचं सील गेलंय." त्यांनी मान डोलावली आणि खुर्चीत डोळे मिटून बसले. म्हणून हे पत्र. शिरवळकरांना येऊ नका म्हणून कळव, आणि तू स्वतः ये. आण्णांच्या समोर बसून सांग की गाडी विकायची नाही. शब्द तुला दिलाय, परत तूच करायला हवा. मी शनिवारी जतहून येत जाईन, स्वयंपाकाला रंगुबाई आहे, गुंडा रोज डोकावतोच. लवकर ये. एखाद्या सकाळी त्यांचा हात इंजिनाच्या पंख्यात जाईल, याची मला रोज धास्ती वाटते.

तुझीच,
शरयूताई