डावीकडून तिसरी

१५ ऑक्टोबर १९४१

काल दवाखान्यात जे झालं ते क्रमाने. कमिटीला हेच लिहून दिलं.

१. दिवाळीसाठी चुना दिला. औषधांचं कपाट रिकामं केलं होतं.
२. चुना वाळल्यावर बाटल्या परत लावल्या गेल्या.
३. गोरेगावची आशाबाई आली. पायात काटा मोडून जखम चिघळलेली. डॉक्टरांनी बोरिक लोशनने धुवायला सांगितलं.
४. धुण्याचं काम मिराबाईचं. दवाखान्यात ती अकरा वर्षं आहे. लेबलं इंग्रजीत, तिला इंग्रजी येत नाही. बाटली जागेवरून ओळखते. बोरिक म्हणजे मधल्या फळीवर डावीकडून तिसरी.
५. तिने डावीकडून तिसरी घेतली. ते निव्वळ कार्बोलिक ॲसिड होतं. फरशीही त्यानेच पुसलेली, त्यामुळे वासावरून कळलं नाही.
६. आशाबाईचं पाऊल भाजलं.

सातवं कलम नाही.

१८ ऑक्टोबर

कमिटी बसली. सेक्रेटरी राधाकृष्णराव म्हणाले, "जिला लेबल वाचता येत नाही तिला कपाटाजवळ ठेवायचं कशाला? काढून टाका."

मी विचारलं, "वाचता आलं तर?"

"कोणाला, मिराबाईला? इंग्रजी?" ते हसले. डॉक्टरही हसले. "सिस्टर, तिला इंग्रजी आलं तर कपाटाची किल्लीच देऊ तिला."

म्हटलं, हे ठरावात लिहा. हसत हसत लिहिलं. मुदत २० डिसेंबर. त्या दिवशी कमिटीपुढे लेबलं वाचायची आणि १४ ऑक्टोबरला काय घडलं ते स्वतःच्या इंग्रजीत लिहून द्यायचं. पाठ केलेलं चालणार नाही, ही डॉक्टरांची भर. तोवर तिने झाडायचं, कपाटाला हात लावायचा नाही.

दोन महिने, दोन दिवस. पुरेत.

१९ ऑक्टोबर

मिराबाईला बाळबोध लिहिता येतं, सावकाश. पाटी, पेन्सिल, आणि शाळेच्या पुस्तकाऐवजी रिकाम्या बाटल्या. 'सफरचंद' तिने कधी खाल्लेलं नाही; 'बाटली', 'चमचा', 'पाय', 'विष' रोजचे.

"बाई, या वयात काहून ही तकलीफ? लोक हसून राहिलेत."

"हसू द्या. हे अक्षर परत काढा."

२६ ऑक्टोबर

ए पासून झेडपर्यंत न अडखळता म्हणाली. मग कपाटाच्या काचेशी जाऊन उभी राहिली, बराच वेळ. काय बघता म्हणून विचारलं. "काई न्हाई," म्हणाली, आणि झाडू उचलला.

२ नोव्हेंबर

एकेचाळीस शब्द.

९ नोव्हेंबर

क्रियापदं. आय गो, यू गो, ही गोज.

"त्या एकल्यालाच काहून शेपूट?"

"मलाही कोणी सांगितलं नाही. पाठ करा."

"म्हंजी नागपूरला तीन वर्सं शिकून तुमीबी पाठच केलं व्हय." एवढं म्हणून स्वतःशीच हसत बसली. मला हसू आलं, पण दाखवलं नाही.

डॉक्टर दारातून म्हणाले, "झाडूवालीला विलायतेला धाडता की काय, सिस्टर?"

"नाही. कपाटापर्यंत."

१६ नोव्हेंबर

आशाबाई पट्टी बदलायला आली. कातडी भरली आहे. पाय माझ्यापुढे धरला नाही, मिराबाईपुढे धरला. "तुज्या हातानं जळलं, आता तुज्याच हातानं बांध." कपाटाला हात न लावण्याचा हुकूम आहे, पट्टीला नाही. बांधू दिली.

बांधून होईपर्यंत आशाबाई बोलत राहिली. "माज्या घरी मिठाचा डबा कुणी हलवला तर मी आधी त्याला इचारते. भाजी करणारीला न्हाई. हितं कुणी हलवलं गं?"

मिराबाईने गाठ मारली. मी पाणी उकळलं का ते बघायला गेले.

३० नोव्हेंबर

एकशे बारा. आज तिने सगळी मधली फळी वाचली. चूक शून्य.

७ डिसेंबर

कागद दिला. सांगितलं, जे झालं तेवढंच लिहा, लहान लहान वाक्यांत. शब्द अडला तर सोडून द्या, येतो तो वापरा. मी मदत करणार नाही. केली तर ते म्हणतील सिस्टरने लिहिलं.

१४ डिसेंबर

आणलं. इंग्रजी तिचं, मराठी माझं:

मी मिराबाई. मी पाय धुतला. मी तिसरी बाटली घेतली. मी लेबल वाचलं नाही. बाईचा पाय भाजला. बाटल्या सिस्टरने ठेवल्या. डॉक्टरांनी पाहिलं नाही.

सहावं वाक्य दोनदा वाचलं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"बाटल्यांनीच. पयल्यांदा आलम, म्हंजी तुरटी, मंग बोरिक, मंग कार्बोलिक. ए, बी, सी. तुमी शिकवलं त्याच वळीनं हाईत की. दवाखान्यात ए बी सी येणारी दोनच मानसं. आन् डाक्टर तर कपाटाला हात लावत न्हाईत."

म्हणजे २६ ऑक्टोबरलाच तिला कळलं होतं. त्यानंतर सात आठवडे रोज येऊन शिकत राहिली.

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुमी बोलाल." मग म्हणाली, "खोडू का बाई? पन मंग बाटल्या कुणी ठेवल्या, काय लिवू? दुसरं लिवाया माज्यापाशी शब्दच न्हाईत."

माझ्यापाशी होते. 'लावल्या गेल्या.'

नागपूरला शिकवलं तशाच लावल्या होत्या, अक्षरक्रमाने. फार नीट दिसल्या. मिराबाईला सांगायचं राहिलं. राहिलं असं नाही. सांगायला हवं असं वाटलंच नाही.

तिला म्हटलं, खोडू नका.

१५ डिसेंबर

आज सेक्रेटरींना दिलेल्या पत्राची नक्कल:

माझ्या १५ ऑक्टोबरच्या निवेदनातलं कलम दोन असं वाचावं: बाटल्या मी, कालिंदीने, नव्या क्रमाने लावल्या आणि मिराबाईला सांगितलं नाही. कलम सात: हे मी दोन महिने लपवलं. मिराबाईचा कागद सोबत आहे. त्यात स्पेलिंगच्या दोन चुका आहेत, त्या तशाच ठेवल्या आहेत. मला ठेवायचं की काढायचं ते कमिटीने ठरवावं. कपाटाच्या किल्लीचं मात्र ठरावात लिहिलेलं आहे. ती मिराबाईला कधी देणार ते २० डिसेंबरपर्यंत लेखी कळवावं. उत्तर साध्या इंग्रजीत द्यावं. ते मिराबाई वाचणार आहेत.