करवंटीतलं अंडं

रविवार, १५ मार्च. सकाळी.
ईस्टरला सॅविओ येतोय. चार वर्षांनी. बरोबर त्याची मुलगी फेबी, वय पाच. सूनबाई ॲश्लिन इंग्लंडातच राहणार. तिला सातवा महिना.

डिसेंबरात सॅविओने फोनवर विचारलं होतं, ममाला बाळंतपणाला पाठवाल का? मी नाही म्हटलं. स्पष्ट. माझं जेवण, माझ्या गोळ्या, माडांचं शिंपण कोण बघणार? विषय क्लोज. रोझा काही बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलं.

आता माझा प्लॅन उलटा आहे. सॅविओलाच इथे थांबवायचं. बाहेरचे लोक तारकर्लीत येऊन कमावतात आणि आमचा चिरंजीव स्वतःची माडाची बाग सोडून तिकडे वृद्धाश्रमात परक्या म्हाताऱ्यांच्या चादरी बदलतो. बागेत होमस्टे काढायचा. कणकवलीच्या पेंटरला बोर्ड सांगून टाकलाय : 'सॅविओ होमस्टे'.

त्याला वळवणार ईस्टरचं अंडं. रोझा दरवर्षी काजूच्या मार्झिपानची अंडी करते. लहानपणी त्यासाठी हा मुलगा चर्चमधली मिस्सा संपायच्या आत घरी पळायचा. यंदाचं अंडं असं करायचं की त्याने परतीचं तिकीट फाडलं पाहिजे.

सोमवार, १६ मार्च.
रोझाला अंड्याचं सांगितलं. (बोर्डाचं नाही. सरप्राइज.) ती म्हणाली, "ह्या वर्षी तुमीच करा. मी नुसती बाजूक बसतंय."
स्वयंपाकघर तिने आपणहून माझ्या ताब्यात दिलं! लग्नानंतर प्रथमच. गुणांची कदर उशिरा का होईना, होते.

बुधवार, १८ मार्च.
अंडं लांबलं. रोझाची अट : आधी भात. "ज्याका भात जमना नाय, तेका मार्झिपान खंयसून जमतला?"
भात केला. पेज झाली. पेजही पौष्टिकच असते.

शनिवार, २१ मार्च.
भात जमला. लगेच तिने बांगड्याचं तिकलं शिकवायला घेतलं. मग पेज. (मुद्दाम केलेली.) मग कुकरची शिटी कशी साफ करायची. मी म्हटलं, अंड्याचा आणि शिटीचा संबंध काय? म्हणाली, "लागतला कधीतरी."
बोर्डाचा सुगावा लागलेला दिसतो. होमस्टेच्या मालकाला सगळं यायला हवं. बाई दूरचा विचार करते.

आज कणकवलीहून लोकरीचं जॅकेट घेऊन आली. मार्च महिन्यात! इथे घामाच्या धारा. विचारलं तर म्हणाली, "स्वस्तात गावला." बायका आणि सेल.
फेब्रुवारीत पणजीला मावसबहिणीकडे जाऊन आली, तेव्हापासून कपाटातले कागद परत परत चाळत असते. वय.

सोमवार, २३ मार्च.
अंडं क्रमांक एक.
रोझाचा साचा लिंबाएवढा. एवढ्याशा अंड्याने कुणाचं मन वळतं? मी करवंटीचा साचा केला. दोन अर्ध्या करवंट्या, आतून पिठीसाखर. हे मला कसं सुचलं, माझं मलाच कौतुक वाटलं.
काजूची पेस्ट, साखर, अंड्याचं पांढरं, मंद आच. रोझा सांगत होती, "ढवळत रवा, हात सोडू नका." पेंटरचा फोन आला म्हणून सोडला. तळाला लागलं.
एरवी तिने छप्पर डोक्यावर घेतलं असतं. आज काहीच नाही. शांतपणे टोप भिजत घातला आणि म्हणाली, "असो लागलो की राखेन घासायचो. नुसत्या साबणान जायत नाय."
अजिबात रागावली नाही. चांगलंच लक्षण. तरी मी थोडा वेळ तिच्या मागे मागे फिरलो, उगीच.

गुरुवार, २६ मार्च.
सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्यात. तिखट. हळद. गोडा मसाला. 'मीठ' तर दोनदा लिहिलंय. गॅसवाल्याचा नंबर भिंतीवर, मोठ्या अक्षरात.
कोंबड्या शेजारच्या सावित्रीवहिनींना देऊन टाकल्या. मी विचारलं, का? रोझा म्हणाली, "तेंका सांभाळतला कोण?" मी म्हटलं, तू आहेस ना. ती म्हणाली, "चाय घेवा, थंड जाता."
चहा घेतला.
अंडं क्रमांक दोन : सुटताना तुटलं. हवेत दमटपणा फार.

रविवार, २९ मार्च. झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा.
मिस्सेनंतर फादरनी माझा खांदा दाबला. "धीर धरा, कायतान." उपासाच्या दिवसांत सगळ्यांनाच म्हणत असतील. बारकाईने बघितलं, दुसऱ्या कुणाला म्हणाले नाहीत.
वाटेत सावित्रीवहिनी : "काय लागला तर हाक मारा. आमी आसांव." मला काय लागणार? धडधाकट माणूस.
घरी येऊन ब्लड प्रेशरची गोळी वेळेआधीच घेतली. उपाशीपोटी चाललो म्हणून.
संध्याकाळी अंडं क्रमांक तीन. मुंग्या.

बुधवार, १ एप्रिल.
सॅविओ आला. फेबी गोड आहे, मराठी ऐकून हसते. बागेत काजूची बोंडं गोळा करून तिने फ्रॉक पार वाया घालवला.
सॅविओने दोन भल्यामोठ्या बॅगा आणल्यात. एक उचलायला गेलो तर फुलासारखी हलकी. दुसरीही रिकामीच. ताकाला जाऊन भांडं लपवतोय, दुसरं काय. कोकम, मसाला, काजू भरून न्यायचेत, पण मागायला लाज वाटते. नेऊ दे. अंडं आणि बोर्ड बघितला की जाणंच रद्द होईल.
मायलेक मागच्या पडवीत बोलत होते. मी गेलो तसे थांबले.

शनिवार, ४ एप्रिल.
जमलं! अंडं क्रमांक चार, नारळाएवढं. दोन अर्धुकं आयसिंगने चिकटवली. फेबीने वर साखरेची फुलं लावली, सगळी एकाच बाजूला, म्हणून किंचित कललंय. 'सॅविओ' हे नाव मी स्वतः काढलं.
रोझाने अंडं सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. मग म्हणाली, "बरां झालां. आता माका काळजी नाय."
काळजी कसली, ते मी विचारलं नाही. विचारणार होतो. काम होतं.

रविवार, ५ एप्रिल. ईस्टर. संध्याकाळ.
नीट क्रमाने लिहितो.
जेवण उत्तम झालं. सावित्रीवहिनींकडची मंडळीही होती. अंडं आणलं. उकाड्याने त्याला घाम फुटला होता. टेबलावर ठेवताच नावाच्या बाजूने खचलं. तरी मी बोर्डावरचं कापड काढलं. सॅविओ हसला आणि एकदम थांबला. "डॅडी, तुम्हाला ममाने सांगितलं नाही?"
तेवढ्यात फेबी म्हणाली, "ग्रँडमाच्या रूमला यलो कर्टन लावलेत, आमच्या घरी." मी म्हटलं, मुलांची कल्पनाशक्ती! माझ्याशिवाय कुणीच हसलं नाही.

रोझा म्हणाली, "मंगळवारचा विमान आसा. माका ॲश्लिनकडे जावचा आसा."
मी म्हटलं, मला न विचारता?
"तुमका ईचारला असता तर तुमी नायच म्हणतलास. म्हणान ईचारूक नाय. शिकयला."
कधी परत येणार, विचारलं. सॅविओ ताटाकडे बघायला लागला. रोझा म्हणाली, "बघूया."
पणजीची मावसबहीण म्हणजे व्हिसाचं ऑफिस होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. फादरना माहीत होतं. कोंबड्यांनासुद्धा.

पण अजून उद्याचा अख्खा दिवस आहे. तिला थांबवतो. मुद्दे तयार आहेत : थंडी, तिचे गुडघे, माझं ब्लड प्रेशर.

सोमवार, ६ एप्रिल.
बोलायला वेळ मिळाला नाही. ती बॅगा भरत होती. मी दोरी धरली, वजन केलं, चेन ओढली. गुडघ्यांचा मुद्दा काढला तर म्हणाली, "थंय जिनो नाय आसा. खालीच खोली." ब्लड प्रेशरचा मुद्दा राखून ठेवलाय.
विमानतळावर बोलेन. तिथे माणूस मऊ होतो.

मंगळवार, ७ एप्रिल.
मोपाच्या विमानतळापर्यंत गावातल्या मितेशची गाडी केली होती. सगळा वेळ फेबीच बोलली.
दारापाशी सॅविओ आणि फेबी पुढे गेले. रोझा माझ्यापुढे उभी राहिली, जॅकेट हातावर. बोला काय ता, असं तिच्या तोंडावर होतं. तिने वाट बघितली, हे मला कबूल केलं पाहिजे. चांगली वाट बघितली.
मला म्हणायचं होतं, जाऊ नको. नाही तर निदान, परत ये, मला तुझ्याशिवाय भीती वाटते. गाडीत मनात घोकलंही होतं.
मी म्हटलं, "पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत."
तिने तिथेच पाणी पिऊन संपवलं, रिकामी बाटली माझ्या हातात दिली आणि आत गेली.