पंजांची पाटी

३ डिसेंबर
पोचलो. बसवाल्याने पुलाशी उतरवलं, पुढचा चढ पायी काढला. पण जागा झकास आहे. चहूकडे पाइनची झाडं, धुराचा वास, आणि टेकडीच्या अंगावर लांबच लांब पसरलेली भट्टी, निजलेल्या डुकरिणीसारखी. माझं बूड एका जागी टिकत नाही असं आमचा थोरला भाऊ शिनपेई म्हणतो. ही वही त्यानेच दिली. चार यत्तांत शिकलेली अक्षरं विसरशील, रोज काहीतरी खरडत जा, म्हणाला. तर खरडतोय. मार्चमध्ये उत्तरेला परत, शिनपेईच्या नव्या बोटीवर. जाळी ओढायला मी, सुकाणूला तो, असं ठरलंय. तोवर इथे लाकडं फोडायची.

घरात चौघं. तोराझो आजोबा, त्यांचा मुलगा मासुओ म्हणजे मालक, सातोए वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची चिनू. आजोबांनी माझे पंजे उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, बाबा रे, तू वाट चुकलास, बैलबाजार खालच्या गावात भरतो. सगळे हसले, मीही हसलो. जेवायला मिसोचं कढण, मुळ्याचं लोणचं. मी तिसऱ्यांदा भात घेताना संकोचलो तर वहिनी म्हणाली, खा रे इसाकिची, लाकडं काही आम्ही फोडणार नाही.

६ डिसेंबर
इथे साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, सुरया होतात. पोट गोल, गळा इतका अरुंद की माझी तीन बोटं कशीबशी जातील. बाकीचे कुंभार आतून काठी फिरवतात म्हणे. ही माणसं सबंध हात आत घालतात. त्यांचे उजवे पंजे आहेतच तसे, लहान. डावे चारचौघांसारखे आणि उजवे पोराबाळांचे. आजोबांचा तर चिनूच्या हाताएवढा. मालक चाकावर बसले की तो इवलासा पंजा गळ्यातून आत सरकतो आणि सुरईचं पोट आतून फुगत जातं. बघतच राहावं. घराण्यात असेल म्हणावं, तर वहिनी डोंगरापलीकडून आलेली. तिचाही तसाच.

८ डिसेंबर
आज या घरातला सण होता म्हणायचा. वर्षातली शेवटची भट्टी लागण्याआधी मातीची मोठी पाटी थापतात आणि घरातला प्रत्येकजण तिच्यात उजवा पंजा उमटवतो. भाजून निघाली की नव्या वर्षाच्या सकाळी ती भिंतीवर लावतात. भिंत अशा पाट्यांनी भरलीय. मी आपला कुऱ्हाड घेऊन बाहेर चाललो होतो, चिनूने बाहीला धरून आत ओढलं. वहिनी म्हणाली, वर्ष सरताना जो आमचा भात खातो त्याचा हात पाटीत हवाच. खरं सांगतो, इतक्या ठिकाणी काम केलं, पण मला घरातला कुणी धरलं नव्हतं.

आधी मोठे, मग मी. आणि जो नवा असेल त्याच्या ठशाच्या मधोमध घरातल्या सगळ्यांत लहानाने हात उमटवायचा, अशी रीत. म्हणून चिनूचा पंजा माझ्या तळव्यात. गार लागतं म्हणून खिदळत होती. आजोबा मला म्हणाले, जोर लाव, आंजारतोस काय. पाटी माळ्यावर वाळत ठेवलीय.

१२ डिसेंबर
उजवा हातमोजा सैल झालाय. कुऱ्हाडीचा दांडा हातात फिरतो. कातडी ओढल्यासारखी वाटते. थंडीच तशी आहे.

१४ डिसेंबर
थंडी नाही. दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून पाहिले. उजव्याची बोटं डाव्याच्या शेवटच्या पेरापर्यंतसुद्धा पोचत नाहीत.

वहिनीला दाखवलं. ती घाबरली नाही. नव्या नवरीला समजवावं तसं समजावलं तिने. माती वाळताना आटते, भाजताना आणखी आटते, तसा तिच्यात उमटवलेला हातही. पहिल्या वर्षी सगळ्यांचीच कातडी ओढते, भट्टी झाली की दुखायचं थांबतं. दरवर्षी थोडं थोडं. चार वर्षांत तुझाही हात सुरईत जाईल बघ, असं म्हणून तिने माझ्या पाठीवर थाप मारली. मी म्हणालो, मला मार्चमध्ये जाळी ओढायचीत. ती हसून म्हणाली, बोटीवर कशाला जाशील वेड्या, आता तू घरचा.

तिने ते इतक्या मायेने म्हटलं की मला ओरडताही आलं नाही.

१५ डिसेंबर
न सांगता निघालो. पुलापर्यंत पोचलो. वारा सुटला होता, कोरडा. माळ्यावरची पाटी भराभर वाळत असणार, कारण मूठ आपोआप मिटत गेली. बस आली. दुसऱ्या हाताने दांडा धरून चढलो असतो. पण जाऊन करू काय, हात तर इथे वाळतोय. बस गेली.

परत आलो तेव्हा मालक एवढंच म्हणाले, गार झालास, चुलीपाशी बस.

१६ डिसेंबर
पाटी फोडावी म्हणून माळ्यावर चढलो. आधी खिळ्याने माझ्या ठशावर एक बारीक ओरखडा काढून पाहिला. माझ्या तळव्यातून रक्त आलं. नेमका तेवढाच ओरखडा.

फोडता येत नाही. तशीच ठेवली तर वाळते.

मग सुचलं. माती वाळते तर तिला पाणी पाजावं.

१८ डिसेंबर
सगळे दुपारी जेवायला बसले की माळ्यावर जातो, पाटीवर ओलं फडकं पिळतो. सगळ्यांत जास्त माझ्या ठशात. हात भरत चाललाय. कुऱ्हाड पुन्हा नीट धरता येते.

आज आजोबांचा हात सुरईच्या गळ्यात अडकला. मालकांनी सुरई फोडून सोडवला. म्हातारपणी बाळसं धरताय की काय, असं वहिनीने विचारलं आणि आजोबा रुसून बसले. मी मान खाली घालून हसलो.

२० डिसेंबर
भट्टी भरली. आजोबा दाराशी बसून प्रत्येक सुरई आधी गालाला लावत, मगच आत द्यायला सांगत. लाडच करतायत असं वाटलं. पाटी मात्र कुणी पाहायची नसते. नव्या माणसाने कापडात गुंडाळून ती स्वतः आत ठेवायची, अशी रीत. मला बरंच झालं. आत नेण्याआधी तांब्याभर पाणी ओतलं तिच्यावर. जितकं पिईल तितका हात कमी आटेल, असा हिशोब केला.

मग मालकांनी विटा रचून, चिखल लिंपून, लाकडं सारायला एक भोक ठेवून भट्टीचं तोंड बंद केलं. आग पेटवली.

२१ डिसेंबर
लाकडं सारता सारता मी मालकांना सहज विचारलं, आजोबा भांडी गालाला का लावत होते. ते म्हणाले, अरे लाकूडफोड्या, ओल असेल तर गालाला गार लागतं. ओलं भांडं भट्टीत गेलं की पाण्याची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही, आणि भांडं फुटतं. तडा नाही जात, चिंधड्या होतात. शेजारच्यांनाही घेऊन जातं.

हसत सांगत होते.

हातातलं लाकूड मी परत ढिगावर ठेवलं—

२१ डिसेंबर, संध्याकाळ
सांगितलं सगळं. कुणी हात उगारला नाही. मारलं असतं तर बरं होतं. वहिनीने फक्त विचारलं, चिनूच्या ठशातसुद्धा? चिनूचा माझ्याच ठशात आहे. तळाशी. पाणी तिथेच साचतं.

भट्टीचं तोंड उघडलं तर गार हवा आत शिरेल आणि तापलेलं सगळं तडकेल. पाटीसुद्धा. नाही उघडलं तर— आजोबांनी आग अगदी मंद ठेवायला सांगितली. ओल हळूहळू निघाली तर निघाली.

२२ डिसेंबर
डाव्या हाताने लिहितोय. उजव्यात कढत पाणी भरल्यासारखं वाटतं. पाचही जण भट्टीसमोर बसलोय, उजवे हात मांडीवर. कुणी जेवलं नाही. चिनूला मोजा घातलाय. आजोबा एक काडी टाकतात, थांबतात, कान देतात.

मी म्हणालो, माझा एकट्याचा जाऊ दे. आजोबा म्हणाले, पाटी एकच आहे रे पोरा.

दुपार
आत काहीतरी फुटलं. सगळ्यांनी हात पाहिले. सुरई होती.

पुन्हा एक. सुरईच.

मालकांच्या अंगठ्याचं नख उडालं— वहिनीने अंगठा फडक्यात बांधला.

२३ डिसेंबर
आग आणखी कमी करता येत नाही. विझेल, आणि विझली तर सगळं एकदम गार होऊन तडकेल.

तळव्यातून वाफ येते. माझ्या. खरंच वाफ. वहिनीने पाहिली आणि तोंड फिरवलं—

चिनू माझ्याजवळ येऊन बसलीय. हात गरम झालाय म्हणते, दादा फुंकर घाल. मोजा काढला. घालतोय फुंकर. तिच्या तळव्यात मधोमध एक बारीक रेघ. सकाळी नव्हती. रेघ लांबतेय—

ती विचारते, दादा, आता जे वाजलं ते भट्टीत की माझ्या