तीस दिवसांत पाच हजार शब्द

सोमवार, १५ एप्रिल २०२४. सकाळी नऊ चाळीस.

बरोबर नऊ चाळीसला मी नान आणायला खाली उतरले आणि स्वतःचा अपमान दोन मजले उंच टांगलेला पाहिला. आमच्याच इमारतीच्या भिंतीवर! तळमजल्यावरच्या इंग्रजी शिकवणीचा फलक, आणि त्यावर मी. हातात मार्कर, तोंड उघडं. खाली ठळक अक्षरांत: 'वय ७१! तीस दिवसांत पाच हजार इंग्रजी शब्द शिकले! उपसर्गांची जादू!'

शिकले! मी! उझबेकिस्तानातल्या फरगान्याच्या शिक्षणसंस्थेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेली मी! नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टांच्या पट्टीने बोटं सुजली तेव्हा कुठे ती भाषा अंगी लागली. आणि हा फलक म्हणे तीस दिवसांत!

फोटो कधीचा ते आठवलं. गेल्या महिन्यात त्यांच्या तक्त्यावर चुकाच चुका दिसल्या, राहवलं नाही, आत जाऊन दुरुस्त केल्या. एक पोरगी म्हणाली, "मावशी, इकडे बघा ना." बघितलं. झालं! मास्तरणीला शिष्या करून विकली.

फरगान्याहून समरकंदला लेकाकडे येऊन चार महिने झाले. इथे मला ओळखतं कोण? हिंदुस्थानातली ओपा, म्हणजे ताई, बस्स. नानवाला म्हणाला, "मुबारक, ओपा! या वयात! नाहीतर आमचा पोरगा — एकवीस वर्षांचं गाढव." पैसे घेतले नाहीत. नान मात्र मी घेतला. गरम होता.

मंगळवार, १६ एप्रिल

शिकवणीचा मालक ओताबेक. वय सव्विशीचं, बूट चकचकीत, केसांना इतकं तेल की माशी घसरेल.

"फलक उतरव."

"मावशी, लोकांना हुरूप येतो. रोज नवी नावं येताहेत. फोटो तर खराच आहे ना?"

"फोटो खरा, बाई खरी. बाकीची भर तुझी."

"तुमची पिढी एकेक शब्द घोकायची. आता अन, डिस, मिस, री — चार किल्ल्या! शब्द एक घ्या, वर चार फुकट!"

मला उपसर्ग शिकवतोय! अरे, मीही शिकवले. पण आधी शब्द. घोड्याचा पत्ता नाही आणि हा खोगिरं विकत सुटलाय. म्हटलं, उपसर्गच हवेत ना? घे — बेअदब, नालायक, बदनाम! आपले हे तिन्ही शब्द इथेही तसेच चालतात. एकाचाही अर्थ सांगावा लागला नाही.

त्याने हसत हसत चहाचा पेला काठोकाठ भरून पुढे केला. पाहुणा हवासा असला की इथे अर्धाच पेला ओततात, पुन्हा पुन्हा ओतायला मिळावा म्हणून. काठोकाठ म्हणजे — निघा. मी सगळा प्याले आणि पेला परत पुढे केला.

बुधवार, १७ एप्रिल

लेक म्हणतो, "आई, जाऊ दे ना, फोटो छान आलाय." सुनेने तर तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सांगणार कोणाला!

गुरुवार, १८ एप्रिल

समोरच्या दारची मस्तुरा हिरव्या पाल्याचे सोमसे, म्हणजे इथले भाजलेले समोसे, घेऊन आली. माझ्यासारखीच विधवा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. लेक अमेरिकेत. नातू चार वर्षांचा, त्याला उझबेक समजतच नाही, नुसतं इंग्रजी. जुलैत येणार आहे. "ओपा, त्याच्याशी बोलल्याशिवाय मरायचं का मी? तुम्हाला भिंतीवर पाहिलं आणि सोमवारीच नाव घातलं. म्हटलं, त्यांना जमलं, मला का नाही?"

सांगायला तोंड उघडलं. तिने सोमसा पुढे केला. उद्या सांगू.

सोमवार, २२ एप्रिल

ओताबेकला पत्र दिलं. प्रत शहराच्या जाहिरात खात्याला. फलक आठवड्याच्या आत उतरला पाहिजे!

खालून वर्गाची कवायत ऐकू येते. मास्तर शब्द फेकतो, वर्ग उलटा परतवतो. "हॅपी!" — "अनहॅपी!" "ॲग्री!" — "डिसॲग्री!" "लाइक!" — "डिसलाइक!" सगळ्यांत खणखणीत आवाज मस्तुराचा. वाक्य एक नाही. 'ये' नाही, 'बस' नाही. भाषा शिकताहेत की भांडायला?

मस्तुराला अजून सांगितलेलं नाही.

गुरुवार, २५ एप्रिल

मस्तुरा डोळे सुजवून आली. काल फोनवर नातू होता, समोर चेहरा दिसत होता. त्याच्या आईने आठवडाभर शिकवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "ग्रँडमा, आय लाइक यू."

"मला त्यातलं फक्त 'लाइक' कळलं, ओपा. आणि तोंड माझं राहिलंच नाही. 'डिसलाइक!' — वर्गात ओरडते तशी! वर हसले पण, बरोबर आलं म्हणून!"

पोर टेबलाखाली जाऊन रडलं. आज फोनजवळ यायला तयार नाही. लेक म्हणते, थोडे दिवस नको.

"नाही म्हणायच्या साठ तऱ्हा येतात मला. 'ये राजा, भूक लागली का' एवढं येत नाही."

तिथेच, तिच्या स्वयंपाकघरात, कणीक मळता मळता तिला तेवढं शिकवलं. 'ये.' 'खा.' 'माझं सोनं.' उपसर्ग एक नाही. दहा वेळा म्हटलं, अकराव्यांदा स्वच्छ आलं. तेव्हा हसली.

"मास्तरांना विचारायची लाज वाटते. तुम्हाला नाही. तुम्ही माझ्यातल्याच. रोज सकाळी त्या फलकाकडे बघते, मगच वर्गात शिरते."

तिने अर्धा पेला चहा ओतला. मी तो प्याले. चौतीस वर्षांची नोकरीही त्याच घोटाबरोबर गिळली.

शनिवार, २७ एप्रिल

फलक उतरला! जाहिरात खात्याच्या नावाने ओताबेक टरकला. दोघा गड्यांनी दोर सोडले, माझी वळकटी केली आणि गाडीत टाकली. जिंकले! सुनेला म्हटलं, आज पुलाव कर.

संध्याकाळी मस्तुराकडे ताट घेऊन गेले. दार अर्धंच उघडलं.

"खाली सगळे म्हणताहेत, ते खोटं होतं. खरं का, ओपा? तुम्ही पण नाहीच शिकलात?"

मी काय सांगणार होते? की बाई, मला लहानपणापासूनच येतं?

"म्हणजे या वयात होतच नाही तर," ती म्हणाली. "तरी मला वाटलंच होतं." पुस्तकं तिने बाहेर ठेवली होती, कोणीही न्यावीत म्हणून. ताट घेतलं नाही. पुलाव तसाच परत आणला.

सोमवार, २९ एप्रिल

ओताबेकला दुसरं पत्र. नक्कल इथे उतरवते.

'माझा फलक होता तिथेच, होता तसाच, पुन्हा लावावा. मी तीस दिवसांत शिकले हे माझ्या सहीनिशी लिहून द्यायला तयार आहे. सकाळी दहा ते अकरा वर्गाची खोली मोकळी ठेवावी — मस्तुरा आणि मी तिथे एकत्र अभ्यास करू. तुमचे मास्तर तिथे फिरकता कामा नयेत. लेखी उत्तर शुक्रवार, तीन मे, संध्याकाळी पाचच्या आत मिळालेच पाहिजे.'