चुलीत गेलेली तारीख

८, शनिवार

पोचले! गुडघे शिल्लक आहेत की नाहीत ते उद्या कळेल.

फाट्यावर बसमधून उतरल्यापासून चार तास चढ. एका ठिकाणी तर मी बसून बसून वर सरकले — कुणी बघितलं नाही म्हणून बरं. वर दगडी घर, पत्र्याचं छप्पर, पत्रा उडू नये म्हणून त्याच्यावर धोंडे. एका खोलीत आठ फळ्या, त्यावर गाद्या. वीज नाही, नळ नाही. संडास शंभर पावलांवर, जाताना काठी आपटत जायचं. "साप असतात का हो?" "असतात. पण लाजाळू आहेत." हे सगळं एक बाई सांभाळतात. त्यांना सगळे मामी म्हणतात, म्हणून मीही.

"मामी, फोन कुठं चार्ज करू?"

"खाली."

"खाली कुठं?"

"चार तास खाली."

फोन दोन टक्क्यांवर होता. डोळ्यांदेखत मान टाकली त्यानं. बरं झालं! त्याच्यापासून पळूनच तर आले.

इथं तरी खोटं नको, म्हणून लिहून ठेवते. शुक्रवारी, चौदा तारखेला, सकाळी अकरा वाजता ठोंब्याचं लग्न आहे. ठोंब्या म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. नोंदणी कार्यालयात, चार माणसांत. आणि मी जाणार नाही! पंधराला खाली उतरेन, तोवर सगळं आटोपलेलं असेल.

९, रविवार

झोप नाही. माझ्याशिवाय इथं एकच पाहुणे — गणिताचे निवृत्त सर. सभ्य गृहस्थ. पण घोरतात असे की छपरावरच्या धोंड्यांची काळजी वाटावी. सकाळी तसं सांगितलं तर म्हणाले, "मी? मी कधीच घोरत नाही. मी ऐकलेलं नाही."

इथं प्रत्येकानं काम करायचं. सरांकडे झऱ्यावरचं पाणी, माझ्याकडे लाकडं. कुऱ्हाड पहिल्यांदाच हातात धरली. पहिल्या तासात एक ओंडका फुटला, तोही बहुतेक स्वतःच्या मर्जीनं.

चुलीजवळ एक तारखांचं कॅलेंडर टांगलंय, रोज एक पान फाडायचं तसलं. मामी सकाळी कालचं पान टर्रकन फाडतात, चुरगळतात, चुलीत घालून काडी लावतात. चूल पेटली, दिवस सुरू! मला फार आवडलं. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, सतरा वर्षं लोकांना तारखा देतेय. तारखेचं इतकं चोख काम मी दवाखान्यातही पाहिलं नाही.

सरांना म्हटलं, तुम्ही तारीख बघता का? "निवृत्त झालो त्या दिवशी सोडली," म्हणाले. "सिगरेट नाही सुटली, पण ही सुटली."

(नंतर) भांडण कशावरून, ते लिहायचं टाळत होते. लिहिते. ठोंब्यानं लग्न ठरवलं ते मला मावशीकडून कळलं. "अगं, तुला माहीत नाही? ग्रुपवर टाकलंय की त्यानं!" ग्रुपवर! आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याचे डबे मी केले, शाळेत बोलावणं आलं की मी गेले, पहिली दाढी करताना गाल कापला तेव्हा कापूसही मीच धरला. आणि मला कळतंय ग्रुपवरून. फोन केला तर म्हणतो, "तायडे, तू चिडशील म्हणून सगळ्यात शेवटी सांगणार होतो." चिडशील म्हणून! आता काय चिडले नाही मी? वर म्हणाला, "साक्षीदार म्हणून सही तूच करायची." मी म्हटलं, माझ्यावाचून सगळं ठरलं, तर माझ्यावाचून होऊही दे. चुलीत गेलं तुझं लग्न!

तो म्हणाला, "फॉर्मवरची ती ओळ कोरी ठेवतो. अकरापर्यंत वाट बघेन. नाहीच आलीस तर तिथल्या शिपायाची सही घेईन."

शिपायाची!

१०, सोमवार

आज वर सुळक्यापर्यंत जाणार. मामी म्हणतात ढग बरे दिसत नाहीत. मामींना काहीच बरं दिसत नाही. बघू.

१२, बुधवार

मामींना बरोबर दिसलं होतं.

सुळका हाताच्या अंतरावर आला आणि गारा सुरू झाल्या. बोराएवढ्या! आडोसा नाही, काही नाही. उतरताना दोनदा घसरले. आले तेव्हा दातावर दात वाजत होते. मामींनी कपडे काढायला लावले, तीन घोंगड्यांत गुंडाळलं, काहीतरी कडू-गरम पाजलं. पुढचं काही आठवत नाही.

उठले ते लख्ख उजाडल्यावरच. चुलीजवळ गेले, कॅलेंडरवर बघते तर बारा, बुधवार! म्हणजे मंगळवार आख्खा झोपेत गेला? सरांना विचारलं, मी किती झोपले हो? "किती ते माहीत नाही. पण घोरत होतात, एवढं खरं." सूड घेतला माणसानं.

मामी म्हणाल्या, "चांगली मेल्यासारखी झोपलीस. तुझे कपडे वाळवायला मला संध्याकाळी पुन्हा चूल पेटवावी लागली. एरवी मी दिवसातून एकदाच पेटवते, काय!" मी माफी मागितली आणि चार ओंडके जास्त फोडले. आता जमतंय!

मला वाटायचं, आपण म्हणजे घड्याळासारखं माणूस. दीड दिवस झोपले म्हणजे कमालच.

दुपारी मामींनी पाहुण्यांची वही पुढं केली — नाव, काम, सही. सही केली आणि हात थांबला. माझ्या सहीच्या शेवटी एक उलटा फाटा आहे, काही अर्थ नसलेला. ठोंब्याला सही करायला मीच शिकवलं, तेव्हा त्यानं तो फाटाही उचलला. बँकेत, ऑफिसात, सगळीकडे माझा फाटा मारत असतो गाढव.

१३, गुरुवार

खेचरवाला दर गुरुवारी सामान घेऊन वर येतो. आज आला नाही. मीठ संपलंय. बटाटे आळणी खाल्ले, सरांनी तेवढ्यातही दुसऱ्यांदा घेतले. मामी म्हणाल्या, "येईल तो त्याच्या गुरुवारी." आज गुरुवारच आहे हो मामी, म्हटलं. त्यांनी नुसता हात उडवला.

सकाळी सहज हिशोब केला. सहजच! बाराच्या आत निघालं तर फाट्यावर साडेपाचची बस मिळते. रात्रभर प्रवास, सकाळी नऊला शहरात. अकराच्या आत कार्यालयात आरामात.

साडेदहाला बॅग भरली. अकराला रिकामी केली. त्यानं तरी एक माणूस पाठवायला नको होता का वर? मग लक्षात आलं, मी कुठं आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. पावणेबाराला परत भरली. सर दारात बसून पत्ते लावत होते, म्हणाले, "ही बॅग येतेय की जातेय?"

बारा वाजून गेले.

चला, आता ठरवायला काही उरलंच नाही. सुटले एकदाची.

१४, शुक्रवार

घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि नऊपासून दुसरं काही केलं नाही.

अकरा वाजून वीस मिनिटं. झाली असेल सही. माझ्या ओळीत शिपायाची. बिचाऱ्याला नवरामुलाचं नावही धड माहीत नसेल.

लाकडं फोडता फोडता रडले. चांगली भोकाड पसरून. मामी आल्या — "कांदा नाही, धूर नाही, आणि हे काय?" सगळं सांगितलं. ग्रुप, मावशी, शिपाई, सगळं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मग जायचं होतंस की."

एवढंच! इतकं सोपं कुणी बोललं की आधी रागच येतो. पण खरं आहे ना. चार तास चढून आले ते कशाला, तर रुसवा नीट सांभाळायला. घरी सांभाळला नसता, घरी मी दुसऱ्याच दिवशी फोन केला असता. मला माहीत होतं म्हणून तर आले. त्यानं ओळ कोरी ठेवली होती. अकरापर्यंत दाराकडे बघत बसला असेल. तो लहानपणीही असाच बसायचा, मला यायला उशीर झाला की. पायरीवर, दप्तर मांडीवर घेऊन.

मला जायचं होतं. लिहूनच टाकते. मला जायचं होतं.

खाली घंटा वाजताहेत. खेचरवाला आला वाटतं, एकदाचा.

१३, गुरुवार

हो, तेरा! आज तेरा!

मी म्हटलं, "एक दिवस उशीर केलात." तो भडकलाच — "ताई, अकरा वर्षं गुरुवारी येतोय! आजही गुरुवारच आहे!" कॅलेंडर दाखवलं तर हसत सुटला. मामी शांतपणे म्हणाल्या, "सोमवारी चूल दोनदा पेटवली ना. दोन पानं गेली."

"अहो मामी, मग तारीख?"

"तारीख गेली चुलीत. मला पेटवायला कागद लागतो."

मी त्यांचा मुकाच घेतला.

बाराला दहा कमी. बॅग खेचरावर. मी हे लिहितेय तोवर बुटाच्या नाड्या सर बांधून देताहेत, गणिती गाठ मारतो म्हणाले. पेन हेच घेते बरोबर.

ओळ अजून कोरी आहे!