पुकेकोचा उचललेला पाय

१४ सप्टेंबर २०१६, पोरिरुआ

म्युझियमसाठी पेंढा भरायच्या पुकेको पक्ष्याला शेवटी माझ्यासोबत काम करणाऱ्या हेलनचीच पोझ ठरली. एक पाय उचललेला, मान पुढे. माझ्या स्केचमध्ये तो दोन्ही पायांवर ताठ, लग्नाच्या ग्रुप फोटोतल्या काकांसारखा. मी तीन आठवडे पुस्तकं चाळली; ही बाई डबा घेऊन तळ्याकाठी पक्षी बघत बसायची. वर माझीच पाठ थोपटते, "पुढचा तुझा, स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या भाषेत 'एकदम मस्त'. असा जळफळाट झाला की चहाही घेतला नाही. तो उचललेला पाय म्हणजे निव्वळ नाटक. खरा पक्षी कशाला असा उभा राहील?

घरी येताना स्टेशनमागच्या गवतात एक पुकेको. पाय उचललेला. "ठेव खाली!" मी चक्क मराठीत दरडावलं.

ठेवला. आणि दुसरा उचलला.