दोन बोटं उरलेली बिअर

प्रिय अण्णा,

सासऱ्यांना 'तीर्थरूप' लिहायची पद्धत आहे, हे मला ठाऊक आहे. पण आज जमणार नाही. आज मी तुमच्यावर चिडलोय.

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. माई आता नितीनकडे पुण्याला राहायला जाणार, म्हणून परवाच्या रविवारी शैला आणि मी ओझरहून सकाळीच नाशिकला जेल रोडच्या तुमच्या घरी आलो, घर आवरायला. शैला कपाटं बघत होती. माईंनी मला मागची गॅलरी दिली. त्या गॅलरीत जे सापडलं ते तुमच्याशी बोलल्याशिवाय मला पचणार नाही. आणि बोलायला तुम्ही नाही! म्हणून हे पत्र.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकतो. ती लाल लेबलची कडक बिअर, जी तुम्ही सोळा वर्षं 'जावईबापूंची आवडती' म्हणून मला पाजलीत, ती मला आवडत नाही. कधीच आवडली नाही. काकवीत सोडा ओतून त्यात गंजका खिळा बुडवून ठेवला तर जी चव येईल, ती तिची चव.

सुटलो.

मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. पहिला दिवस आठवतो ना? त्र्याण्णव साल, लग्नानंतरचा पहिला अधिक महिना. तुम्ही मला धोंडे जेवायला बोलावलं होतं. ताटाभोवती रांगोळी, तेहतीस अनारसे, नवे कपडे. मी सव्वीस वर्षांचा. माझ्याकडे चार माणसांनी एकदम बघितलं तर मला घास गिळवत नाही. पुरणाचे धोंडे आणि त्यावरचं तूप कसंबसं संपवून मी टेकलो, तर तुम्ही उठून खिडक्यांचे पडदे ओढलेत. भर दुपारी! फ्रिजच्या खालच्या ट्रेमधून, कोथिंबिरीच्या जुड्यांखालून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढलीत.

माई म्हणाल्या, "अहो, अधिक महिना आहे!"

तुम्ही म्हणालात, "नैवेद्य झाला ना? या महिन्यात जावई म्हणजे नारायण. नारायणानं मागायच्या आत द्यायचं असतं."

नारायणानं काही मागितलं नव्हतं, अण्णा. आमचा विनू अधूनमधून बिअर घेतो, असं माझ्या काकांनी लग्नात तुम्हाला सांगितलं होतं, एवढंच. अधूनमधून म्हणजे तोपर्यंत दोनदा!

तुम्ही पकडीनं बूच काढलंत. स्टीलच्या पेल्यांत ओतलीत, म्हणजे शेजारच्या कुणी डोकावलं तर ताक वाटावं. मी एक घोट घेतला. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात.

"कशी आहे?"

"छान आहे."

"तुमची हीच का? आवडती?"

"हो. हीच."

झालं! कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. पार्ट केसभर चुकला असला तरी लाल शिक्का मारून परत पाठवतो, समोर साहेब उभा असला तरी. आणि तुमच्यासमोर माझ्याच्यानं एक बाटली परत पाठववली नाही.

सासुरवाडीला एकदा एखादा पदार्थ आवडला म्हटलं की तो जन्मभर पानात पडतो, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. आमच्या खात्यातला एक जण गेली वीस वर्षं गवारीची भाजी खातोय. माझ्या वाट्याला ही आली.

खरं सांगायचं तर तेव्हा मला आवडनिवडच नव्हती. बिअर म्हणजे बिअर. गोड लागते, डोकं जड होतं, चार मित्र हसतात, संपलं. त्या वयात माणूस चव घेत नाही, फक्त 'मी घेतली' हे सांगायला घेतो. पुढे शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास कारखान्यातल्या एका मित्रानं मला देवळालीत, कॅम्पातल्या एका परमिट रूममध्ये नेलं आणि फिकट लेबलची माइल्ड पुढ्यात ठेवली. पहिल्या दिवशी ती मला कडू पाण्यासारखी लागली. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्या कडवटपणाची वाट बघायला लागलो. कारल्याचं असंच होतं ना? लहानपणी ताटाबाहेर काढतो, आणि चाळिशीत मागून घेतो. मला माझी बिअर सापडली होती. महिन्यातून एखाद्या शनिवारी, एक बाटली, हळूहळू.

आणि दर दुसऱ्या रविवारी जेल रोडला तुमची काकवी!

एकदा मी धीर केला होता. तुम्हाला आठवणार नाही कदाचित. तुम्ही नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालात त्याच्या आसपास. कुरडया तळलेल्या होत्या, पडदे ओढलेले होते. मी सहज बोलल्यासारखं म्हणालो, "अण्णा, हल्ली लोक माइल्ड पसंत करतात म्हणे."

तुम्ही पेला दणकन खाली ठेवलात. "माइल्ड? हॅ! ती आजारी माणसाला द्यायची. बार्लीचं पाणी ते! पुरुषानं प्यायची ती ही. काय जावईबापू?"

आणि मी काय म्हणालो? "हो ना. दम नाही तिच्यात."

ज्या एका गोष्टीची मी महिनाभर वाट बघायचो, तिला मी तुमच्यासमोर शिव्या दिल्या. तेवढ्यावर भागलं नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून पुढच्या वेळी मी आपणहून विषय काढला. आपण दोघं तासभर त्या माइल्डची टिंगल करत बसलो. तुम्ही म्हणालात, तिनं फार तर चूळ भरावी. मी म्हणालो, तीसुद्धा नीट भरली जाणार नाही. काय हसलो होतो आपण! मला तुमची कीव यायची, अण्णा. वाटायचं, हा माणूस आयुष्यभर नोटांच्या छपाईतली बारीक चूक डोळ्यांनी धरत आला, आणि जिभेला एवढंही कळू नये?

कीव सगळ्यांचीच यायची म्हणा. द्राक्षं पिकवता पिकवता नाशिकची वाइन झाली, तेव्हा आमच्या खात्यातले लोक पेला गोल फिरवून त्यात नाक खुपसायला लागले. कालपर्यंत हेच लोक सोड्याच्या बाटलीलाही नाक लावत नव्हते. आपला नितीन तर पुण्याहून परदेशी कॅन घेऊन आला. "दाजी, ही गव्हाची आहे. संत्र्याच्या सालीचा वास घ्या." मी घेतला. तुम्ही कॅन हातात धरून म्हणालात, "गव्हाच्या पोळ्या करतात रे. तुझ्या आईला विचार." त्या एका वाक्यासाठी मी तुम्हाला मनातल्या मनात नमस्कार केला होता. तेवढं एकच खरं वाक्य आपल्या बैठकीत कधी बोललं गेलं, असं आता वाटतं.

आता परवाचं ऐका.

गॅलरीत धुण्याच्या दगडामागे गोणपाट होतं. ते उचललं तर खाली रिकाम्या बाटल्या ओळीनं उभ्या. दोहोंत फिनेल, एकीत मनीप्लँट, बाकीच्या रिकाम्या. सगळ्या फिकट लेबलच्या. माझ्या माइल्डच्या! मला वाटलं नितीननं ठेवल्या असतील. मी माईंना हाक मारली.

"माई, या कुणाच्या?"

माई पदराला हात पुसत आल्या. "या होय? ह्यांच्याच की."

"अण्णांच्या?"

"मग? गुरुवारी कॅम्पात जायचे ना, सुभेदारांकडे बुद्धिबळ खेळायला. तिथे दोघं मिळून एक घ्यायचे. सुभेदारांची सून रिकामी बाटली घरात ठेवू देत नाही, म्हणून हे पिशवीतून इकडे आणायचे. मला फिनेलला बऱ्या पडतात."

मी म्हणालो, "पण अण्णांना तर कडक लागायची."

माई हसल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा हसताना बघितलं मी त्यांना. "कुठली हो! ती कधी झेपली त्यांना? सोमवारी डोकं धरून बसायचे. मी म्हणायचे, नका ना घेऊ. तर म्हणायचे, जावयाला एकट्याला प्यायला बसवू का? त्याची आवडती आहे ती."

माझ्या हातात बाटली तशीच राहिली.

या ठिकाणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही आलं. राग आला. गुरुवारी तुम्ही कॅम्पात, शनिवारी मी कॅम्पात. बिअर एकच. आणि रविवारी आपण दोघं पडदे ओढून, समोरासमोर बसून, जी आवडते तिला नावं ठेवत, जी नकोशी ती घशाखाली ढकलत होतो. एकमेकांचा मान राखायला! असला मान कुत्र्यानंही खाऊ नये. तुम्ही माझ्यापेक्षा मोठे होतात, अण्णा. तुम्ही तरी म्हणायचं होतंत. मी जावई, मला तोंड नव्हतं. तुम्हाला कुणी अडवलं होतं?

मी माईंना सगळं सांगून टाकलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. म्हटलं, "माई, मलाही ती आवडत नव्हती. पहिल्या दिवसापासून."

माईंना जराही नवल वाटलं नाही.

"माहितीये मला."

"तुम्हाला कसं माहीत?"

"पेले कोण घासत होतं, विनायकराव? तुमच्या पेल्यात दोन बोटं उरायची. ह्यांच्या पेल्यात दोन बोटं उरायची. सोळा वर्षं तेच. आवडीचं कुणी असं टाकतं का?"

"मग बोलला का नाहीत?"

माईंनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. नितीनच्या त्या गव्हाच्या कॅनकडे तुम्ही बघितलं होतंत ना, अगदी तसं.

"मला विचारलं होतंत का कधी कुणी?"

यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर कळवा. सोळा वर्षं त्या बाईनं आपल्याला कुरडया तळून दिल्या, पडदे लावले, पडदे उघडले, पेले घासले. आपण दोघं चवीवर व्याख्यानं देत होतो, आणि त्या घरात चव कळणारं माणूस एकच होतं. ते स्वयंपाकघरात होतं.

आणि उरलेल्या दोन-दोन बोटांचं काय व्हायचं, माहीत आहे? गॅलरीतला तो तेलाच्या डब्यातला कढीपत्ता. आंबट ताक घालतात ना त्याला, तशी माई ती बिअर घालायच्या. "फुकट कशाला घालवायची?" तो वाढून ग्रिलच्या बाहेर गेलाय. आजूबाजूच्या चार घरांची फोडणी त्याच्यावर होते. लाल लेबलची बिअर या घरात मनापासून कुणी प्याली असेल, तर ती त्या कढीपत्त्यानं.

फ्रिजमध्ये खालच्या ट्रेत दोन कडक बाटल्या अजून आहेत. माईंनी दाखवल्या. जाण्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही आणलेल्या, त्याच वर्तमानपत्रात. तुम्हाला तेव्हा जिना चढवत नव्हता. डॉक्टरांनी तुम्हाला थेंबही घेऊ नका म्हणून बजावलं होतं. म्हणजे दोन्ही माझ्यासाठीच होत्या. त्या रविवारी मला कंटाळा आला आणि कामाचं निमित्त सांगून मी आलो नाही. खोटं निमित्त होतं. तुमची काकवी चुकवायची होती. तुम्ही शैलाला फोनवर म्हणालात, "असू दे, पुढच्या रविवारी. थंडच ठेवतो." पुढचा रविवार आला नाही. तुमच्यावर एवढं चिडून झाल्यावरसुद्धा हे एक माझ्याकडेच उरतं.

माई म्हणाल्या, "घेता का एखादी? शेवटची म्हणून?"

मी म्हणालो, "नको, माई. मला आवडत नाही." तीनच शब्द होते, अण्णा. पंख्याखाली बसून, साध्या आवाजात बोललो. छत कोसळलं नाही. माई म्हणाल्या, "बरं," आणि दोन्ही बाटल्या गॅलरीत नेल्या.

कढीपत्ता आम्ही ओझरला आणलाय. मुळं डब्याला घट्ट बसली होती, पत्रा कापावा लागला.

आता माझा शब्द. येत्या गुरुवारी मी कॅम्पात सुभेदारांकडे जाणार आहे. मला बुद्धिबळ फारसं येत नाही, तसं त्यांना आधीच सांगेन. फिकट लेबलची माइल्ड घेऊन जाईन. खरं तर हल्ली तीही मला पूर्वीइतकी आवडत नाही. वयाबरोबर जीभ पुन्हा फिरली असावी, आजकाल नुसतं थंड पाणी बरं वाटतं. तरी जाईन. सुभेदारांनी विचारलं, कशी आहे, तर 'छान' म्हणणार नाही. घोट घेईन, थांबेन, आणि जशी लागेल तशी सांगेन. पेल्यात काही उरलंच, तर ते कुणाला घासायला न देता मी स्वतः ओतीन.

आणि घरी आल्यावर माईंना फोन करून विचारेन, त्यांना काय आवडतं ते.

तुमचा जावई,
विनायक